बिनसहीचा कागद

४ फेब्रुवारी

बारके,

चार महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एकच ओळ. 'यादीतलं पहिलं नाव दिलं होतंस का? एवढंच कळव.' वर प्रिय नाही, ताई नाही, खाली सही नाही. नळाची तक्रार करतानासुद्धा माणूस 'महोदय' लिहितो. मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं आत एखादी चिठ्ठी अडकली असेल. नव्हती.

तर कळवते. यादी दिली. नेहमी देतो तशीच दिली. जुलैतल्या वाटाघाटींच्या शेवटच्या दिवशी, निरोपाच्या चहाला, त्यांच्या उपसचिवांच्या हातात ठेवली. त्यांनी घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात सरकवली आणि बिस्किटं छान आहेत म्हणाले. बिस्किटं त्यांचीच होती.

तुला हे सगळं पाठ आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक, कारण माझ्या बाजूनं ते कधी कोणी ऐकलेलं नाही. तुमच्या मानवाधिकार कक्षातल्या कोणाला तो देश व्हिसा देत नाही. म्हणून तिकडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या बारा जणांची नावं तुम्ही तिसऱ्या मजल्यावर बसून टाइप करायची, आणि तो कागद आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या व्यापारवाल्यांनी आमच्या फायलीत घालून न्यायचा. बिनसहीचा, बिनशिक्क्याचा कागद. उद्या कोणी विचारलंच तर आम्ही म्हणायचं दिला नाही, त्यांनी म्हणायचं मिळाला नाही. मग वरची दोन-तीन माणसं महिन्या-दीड महिन्यात गुपचूप सुटतात आणि विमानतळावर फुलं घेऊन तू उभी असतेस. आम्ही तेव्हा दूध पावडरीच्या जकातीवर डोकं फोडत बसलेलो असतो.

आई बरी आहे. सप्टेंबरात तो व्यंगचित्रकार सुटून आला तेव्हा त्याला मिठी मारतानाचा तुझा पेपरातला फोटो तिनं फ्रिजवर लावलाय. करारावर पहिल्या सह्या झाल्या त्याचाही फोटो आला होता. मंत्र्यांच्या मागे जी माणसं उभी आहेत, त्यांत डावीकडून चौथं जे कोपर दिसतं, ते माझं. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं कोपर. तो फोटो आईनं लावला नाही. विचारलं तर म्हणाली, "अगं, त्यात तू दिसतच नाहीस."

पहिलं नाव म्हणजे ती बुटांच्या कारखान्यातली शिवणकाम करणारी बाई, नाही का? तिला त्यांनी सोडलं नाही, यात मी काय करणार? तुरुंगाच्या किल्ल्या काही माझ्या पर्समध्ये नसतात.

ताई


१९ फेब्रुवारी

बारके,

तुझं दुसरं पत्र. या खेपेला दोन ओळी, म्हणजे प्रगती आहे. त्या बाईच्या वकिलाला तिकडच्या अधिकाऱ्यानं तोंडावर सांगितलं म्हणे, की तिचं नाव तुमच्या कागदावर नव्हतंच. आणि तू विचारतेस, खरं काय.

बरं. बारा नावं गेली नाहीत, तीन गेली. तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली होती. चामड्याचा आणि बुटांचा अध्याय तेवढा अडून बसला होता. आमचे सचिवसाहेब मला कॉफीच्या यंत्रापाशी घेऊन गेले. त्या यंत्रातून कॉफीच्या नावाखाली गरम पाणी येत होतं, आणि साहेब ते फुंकर घालून पीत होते. म्हणाले, "बाई, बारा म्हणजे फार होतात हो. करार तोंडाशी आलाय. या वेळी तीन द्या." तीन कोणती ते त्यांनीच ठरवलं. शाळामास्तर, म्हातारे डॉक्टर आणि व्यंगचित्रकार. मी हुकमाची ताबेदार. नवा कागद टाइप केला आणि दिला.

आता तू म्हणशील, तू भांडली का नाहीस. भांडणं हे तुझं खातं आहे. तू टेबलावर हात आपटलास की लोक म्हणतात किती तळमळीची मुलगी आहे. मी आपटला की म्हणतात बाईंना रक्तदाब असेल.

लहानपणापासून हे असंच चालत आलंय. तुझ्या बुटांच्या नाड्या तू सहा वर्षांची होईपर्यंत मी बांधत होते. शाळेच्या फाटकात खाली बसून, माझी घंटा चुकवून. आणि शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत तू पहिली आलीस तेव्हा बाबांनी तुला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं. मी तुझी वही आणि पाण्याची बाटली घेऊन मागनं चालत होते. ते आठवण्याचं आज काही कारण नाही, पण आठवलं.

आईला फोन करतेस तेव्हा मी घरात असते. ती मुद्दाम स्पीकर लावते, आणि मी आहे असं कळलं की तू दोन मिनिटांत ठेवतेस. ते आता आईच्याही लक्षात आलंय.

ताई


३ मार्च

बारके,

तू सरळ सचिवसाहेबांनाच लिहिलंस. शहाणी आहेस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि चष्मा काढून विचारलं, "बाई, मी नावं निवडली? मी तर म्हटलं होतं वरची तीन द्या." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तर, वरची तीन म्हणजे शिवणकामवाली, मास्तर, डॉक्टर. शिवणकामवालीला मी काढलं आणि चौथ्या नंबरचा व्यंगचित्रकार वर घेतला. कागदावर ना सही ना शिक्का. हॉटेलच्या खोलीत बसून कोणीही टाइप करावा आणि कोणाला पत्ता लागू नये, अशी ती व्यवस्था आपणच केलेली आहे. मला दहा मिनिटं लागली.

का काढलं ते सांगते. त्यांच्या शिष्टमंडळात तिसऱ्या खुर्चीवर कोण बसला होता माहीत आहे? त्याच कारखान्याचा मालक. जाडजूड, हसरा माणूस, रोज सकाळी सगळ्यांची चौकशी करायचा. त्याच्या कारखान्यात दाबयंत्राखाली नऊ बायकांची बोटं गेली. कोणाचं बोट कुठल्या तारखेला गेलं, ते या बाईनं कागदावर लिहून कारखान्याच्या दाराला चिकटवलं. एवढंच केलं, आणि पाच वर्षं आत गेली. तिचं नाव त्या कागदावर सगळ्यात वर दिसलं असतं तर तो मनुष्य उठून गेला असता, आणि त्याच्या पाठोपाठ बुटांचा अख्खा अध्याय गेला असता.

आपलं चामड्याचं गाव तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. नदीकाठी अर्ध्या कारखान्यांना कुलपं आहेत. चार हजार माणसं. आपलं चामडं तिकडे बिनजकातीचं गेलं तर ती कुलपं निघतात. ही पण माणसंच आहेत ना? की तुरुंगात गेल्याशिवाय तुमच्या कक्षात माणूस म्हणून नोंद होत नाही?

आणि एक विचार कर. मधली दोन वर्षं बोलणी बंद होती, तेव्हा तुझी यादी कोण घेत होतं? तू टपालानं पाठवायचीस आणि ती न फोडता परत यायची. आपण त्यांचे बूट घेतो म्हणून ते आपला कागद खिशात घालतात. ऑक्टोबरात आईच्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुम्ही माणसं देऊन बूट घेता." केक कापायचा राहिला होता. मी म्हटलं, "तुझ्या पायातले कुठले आहेत ते बघ." तू बूट काढून दाराबाहेर ठेवलेस आणि मोज्यांवर टॅक्सीत जाऊन बसलीस. महिन्याभरात बदली मागून घेतलीस, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या वकिलातीत. ते बूट अजून आमच्या जिन्यात आहेत. आई टाकू देत नाही.

हे माझं कारण. पटलं तर बघ.

ताई


११ मार्च

बारके,

उत्तर नाही. रोज खाली जाऊन टपालाची पेटी बघते. इतकी वर्षं आईला हसायचे त्यावरून.

चामड्याचं गाव खरं आहे. चार हजार माणसं खरी आहेत, कारखान्याचा मालकही खरा. पण मी नाव काढलं ते त्यासाठी नाही. ते सगळं मला नाव काढून झाल्यावर सुचलं.

तुमच्या कक्षातून कागद आला तेव्हा त्याच्यासोबत एक पत्र होतं. तिकडच्या आपल्या वकिलातीत द्यायचं, तिथून भाषांतर होऊन वकिलामार्फत तुरुंगात. उघडं पाकीट. नियम तूच मला एकदा समजावून सांगितला होतास. नेणाऱ्यानं आधी वाचायचं, कोणाला अडचणीत आणणारं काही नाही ना ते बघायचं. म्हणून विमानात वाचायला घेतलं. तुझं अक्षर. पहिली ओळ, 'प्रिय ताई'.

मला वाटलं, माझं आहे.

हसू नकोस. मला खरंच वाटलं, की समोर बोलायला तुला जड जातं, म्हणून फायलीतून पाठवलंस. तेव्हा आपलं भांडण झालं नव्हतं, पण बोलणंही कुठे उरलं होतं? कामाचं आणि आईच्या गोळ्यांचं. मी चष्मा पुसला, खिडकीकडे तोंड केलं आणि वाचत गेले. तुझा गुडघा धरतो. जिना चढताना कठडा धरतेस आणि कोणी आलं की फोनवर बोलल्यासारखं करून थांबतेस. लग्न मोडलं त्याला सहा वर्षं झाली, तरी अजून दोन कप चहा टाकतेस आणि दुसरा बेसिनमध्ये ओततेस. बाबांचा आवाज आठवेनासा झालाय म्हणून घाबरतेस. दीड पान मी वाचलं. मला इतकं बरं वाटत होतं, बारके. मी मनातल्या मनात उत्तरसुद्धा लिहायला लागले होते. गुडघ्याला पट्टा कुठला घ्यायचा, बाबा कसे खाकरायचे.

मग ती ओळ आली. 'मला एक सख्खी मोठी बहीण आहे, पण तिच्याशी असं बोलता येत नाही. ती ऐकत नाही, उपाय सांगते.'

तेव्हा कुठे मी पाकिटावरचं नाव पाहिलं. त्या शिवणकामवालीचं.

तू जन्मलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दवाखान्यात नर्सनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता तू ताई झालीस." घरात त्या दिवसापासून सगळं तुझं झालं. खोली तुझी, बाबांचा खांदा तुझा, फ्रिज तुझा. मला तेवढी एकच गोष्ट मिळाली होती, आणि ती तू एका परक्या बाईला देऊन टाकलीस, जिला तू कधी पाहिलंही नाहीस. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले तीन द्या, आणि माझ्या हातात संधी आली. तुरुंगातल्या बाईचा मत्सर केला मी. हे वाक्य एकदा खोडलं आणि परत लिहिलं.

पत्र मात्र पोचवलं. नाव काढलं आणि पत्र पोचवलं. याचा अर्थ काय ते मला विचारू नकोस.

तुझी सख्खी मोठी बहीण


२७ एप्रिल

बारके,

तू मला लिहिलं नाहीस, पण आईशी बोललीस. गेल्या महिन्यात एका सकाळी चहा गाळता गाळता आई म्हणाली, "बारकीची तुरुंगातली ती मैत्रीण आहे ना, तिची आई डिसेंबरात गेली गं. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे." आईला यातलं काही ठाऊक नाही. मला साखर किती घालू विचारलं तिनं. मास्तर आणि व्यंगचित्रकार सप्टेंबरात सुटले, हे मला पाठ आहे. डिसेंबर त्यानंतर तीन महिन्यांनी येतो.

त्याबद्दल माफी मागता येईल असं मला वाटत नाही, म्हणून मागत नाही.

या महिन्यात कराराचं शेवटचं वाचन होतं. कसं असतं तुला माहीत नसेल. लांब टेबल, दोन्हीकडे पाण्याच्या बाटल्या, दोन लघुलेखक. ज्याचा जो अध्याय, त्यानं नाव वाचायचं आणि 'मान्य' म्हणायचं. तिथे बोललेला शब्द न् शब्द दोन्ही देशांच्या इतिवृत्तात जातो, बोलणाऱ्याच्या नावासकट आणि हुद्द्यासकट. तिथे बिनसहीचं काही नसतं. माझा अकरावा अध्याय, चामडं आणि पादत्राणं.

मी नाव वाचलं. 'मान्य' म्हणायच्या जागी म्हटलं, "त्याआधी आमच्या बाजूनं एक विचारायचं आहे." आणि तुझ्या ताईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, कारखान्यातलं काम, तुरुंग, शिक्षेची तारीख. नऊ बायका, नऊ बोटं. तो मालक त्याच तिसऱ्या खुर्चीवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. त्यांचे प्रमुख म्हणाले, "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

"बूट आहेत," मी म्हटलं. "कोण शिवतं ते विचारतेय."

आमचे सचिवसाहेब इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. लघुलेखकांनी मात्र सगळं लिहून घेतलं. अध्याय जूनपर्यंत पुढे ढकलला.

शूर झाले असं समजू नकोस. नाव घेताना माझ्या मनात काय होतं सांगू? की हे तुला कधी करता आलं नसतं, कारण तुला व्हिसा मिळत नाही. देवाशपथ, तेच होतं मनात.

मला तळघरातल्या ग्रंथालयात टाकलंय. जुने करार लावायचे, फाटलेली पानं चिकटवायची. चामड्याच्या गावातून कामगारांच्या पुढाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, आमच्या पोटावर का पाय दिलात? आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं?" तो बरोबर बोलत होता.

तू माझ्या जागी असतीस तर जुलैतच नाव वाचलं असतंस, आणि चार हजारांचा विचार तुला शिवला नसता. मी विचार केला आणि नाव काढलं. दोघींपैकी कोण बरी, हे मी ठरवायला बसले तर निकाल माझ्या बाजूनं लागणार, म्हणून बसत नाही.

थोरली


१५ जून

बारके,

तुला कळलंच असेल, पण मला सांगायचंय. मंगळवारी तिला घरी सोडलं. गावाबाहेर जायचं नाही, कारखान्याच्या रस्त्याला फिरकायचं नाही, दर सोमवारी चौकीत हजेरी. शुक्रवारी त्यांनी अकराव्या अध्यायावर सही केली. मधले तीन दिवस कशासाठी ते शेंबडं पोरही सांगेल. त्यांना बूट विकायचे होते. म्हणजे ती तुझ्या यादीनं सुटली नाही, माझ्या बुटांनी सुटली. एवढं मला म्हणू दे. बाकी कोणाला म्हणणार नाही. आईलासुद्धा नाही.

चामड्याच्या पुढाऱ्याचा फोन आला नाही. कामं मिळाली की कोण फोन करतं? पण दोन कारखान्यांची कुलपं निघाली असं पेपरात होतं, आतल्या पानावर, तळाला. मी कापून ठेवलंय. फ्रिजवर जागा नाही, म्हणून पर्समध्ये.

वकिलातीतून तुझ्या नावे एक पत्र आलं. तिचं आहे. नेणाऱ्याच्या रकान्यात अजून माझंच नाव आहे, म्हणून ते तळघरात माझ्या टेबलावर आलं. उघडं पाकीट. नियमाप्रमाणे मी ते वाचून पुढे पाठवायचं. घडी अर्धी उघडली आणि वरचा एक शब्द दिसला, 'धाकटे'. आपल्या लिपीत, शिकून शिकून काढलेला. पुढचं वाचायची इतकी इच्छा झाली की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. त्यात तिच्या आईचं असेल. कदाचित माझंही असेल, कागदावर नाव का नव्हतं ते तू तिला कळवलं असशील तर.

वाचलं नाही. इथे डिंक भरपूर आहे. पाकीट चिकटवलं, कडेनं दोनदा बोट फिरवलं, आणि या पत्रासोबत घालते आहे. नियम मोडला, पण आता मला टाकायला तळघराच्या खाली जागा नाही.

गुडघ्याला पट्टा पाठवणार होते. मग म्हटलं, उपाय सांगते अशी तुझी तक्रार आहे. पाठवत नाही. गुडघा कसा आहे?

उत्तर आधी तिला लिही. मग वेळ उरला तर मला. लांबलचक नको, एक ओळ चालेल. फक्त वर काहीतरी लिही. 'महोदय' लिहिलंस तरी चालेल.

थोरली